दस्तुरी, शिफारस आणि सल्ला

नोकरी शोधणाऱ्या माणसाला मराठीत ‘उमेदवार’ म्हणण्याचा प्रघात फार जुना असून, फारसीतून आपल्या दप्तरांत उतरलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘आशा धरून असलेला’ एवढाच होता, ही गोष्ट तो शब्द निवडणुकीच्या फलकांवर वाचणाऱ्यांच्या आता सहसा ध्यानात येत नाही. इंग्रजी अमलाच्या आरंभीच्या काळात मामलेदाराच्या कचेरीत असे दोन-चार उमेदवार बसलेले असत. ज्याचे मोडी अक्षर वळणदार आहे आणि ज्याचा हिशेब बिनचूक आहे असा सोळा-सतरा वर्षांचा एखादा मुलगा आपल्या मामाच्या किंवा चुलत्याच्या ओळखीने कचेरीत येई, दप्तराचे रुमाल सोडी-बांधी, बारनिशीत नोंदी करी, कारकुनांची पत्रे नकलून देई, आणि पगाराची कवडीही हाती न पडता वर्षानुवर्षे वाट पाहत राही. कारकुनांपैकी कोणी वारला, बडतर्फ झाला किंवा दूरच्या तालुक्यात बदलून गेला, म्हणजे त्याच्या आशेला पालवी फुटे. ‘उमेदवारी करणे’ या वाक्प्रचारामागे ही बैठक आहे. एका दृष्टीने पाहिले तर धंदा शिकण्याची ती उत्तम शाळा होती, कारण जुन्या कारकुनाच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या मुलाला कामातील खाचाखोचा कळत, साहेबाचा स्वभाव कळे, आणि हे काम आपल्याला झेपेल की नाही याचाही अंदाज येई. तिच्यात उणीव एकच होती, पण ती लहान नव्हती: त्या शाळेत बसायला कचेरीत मामा असावा लागे.

ज्याचा मामा कचेरीत नाही त्याने कोठे बसावे, हा प्रश्न सरकारने आपला मानायला विसाव्या शतकाचा जवळजवळ मध्य उजाडावा लागला. तोपर्यंत त्याची उत्तरे मुंबईत गिरणीच्या फाटकावर मुकादम देत होता, चाळीच्या खोलीत गावकी देत होती, आणि विधवा, अस्पृश्य, निराश्रित अशा ज्यांच्यापर्यंत या दोहोंचा हात पोचत नव्हता, किंवा पोचला तरी गळ्याशीच पोचत होता, त्यांच्यासाठी मोजक्या संस्था वर्गणीच्या पैशावर ती शोधीत होत्या. आज ज्याला व्यवसाय-मार्गदर्शन म्हणतात त्याचा आपल्याकडील पूर्वेतिहास मला या साऱ्यांच्या कामात मिळून दिसतो. त्यातून मुकादमाला वगळून तो सांगता येईल असे मला वाटत नाही, हे काही वाचकांना प्रथम चमत्कारिक वाटले तरी चालेल.

शास्त्र म्हणून या कामाचा जन्म मात्र बॉस्टनला झाला, आणि तो ज्या माणसाच्या हातून झाला त्याचे चरित्र पाहिले म्हणजे नियतीलाही विनोदाचे अंग असावे असे वाटू लागते. फ्रँक पार्सन्स १८५४ साली जन्मला आणि स्थापत्याचे शिक्षण घेऊन एका रेल्वे कंपनीत चाकरीला लागला. १८७३ च्या आर्थिक कोसळीत ती कंपनी बुडाली, तेव्हा त्याने लोखंडाच्या कारखान्यात अंगमेहनतीची मजुरी केली. मग तो शाळामास्तर झाला. मग कायद्याचा अभ्यास करून वकिलीची परीक्षा उतरला, आणि त्या अभ्यासाच्या श्रमाने प्रकृती ढासळल्यामुळे तीन वर्षे न्यू मेक्सिकोच्या मोकळ्या हवेत काढून परत आला. त्यानंतर त्याने कायद्याची पाठ्यपुस्तके लिहिली, विद्यापीठात कायदा शिकवला, आणि १८९५ साली बॉस्टनच्या महापौरपदासाठी उभा राहून पराभवही पदरात घेतला. आपल्याकडील वडीलधारी मंडळी अशा माणसाकडे बोट दाखवून मुलांना ‘असे होऊ नका’ म्हणून सांगतात. परंतु बॉस्टनच्या नॉर्थ एंड या वस्तीत, इटलीतून आणि रशियातून नुकत्याच उतरलेल्या दरिद्री कुटुंबांच्या गर्दीत, पॉलिन अगासी शॉ या धनिक बाईंच्या देणगीवर १९०१ साली ‘सिव्हिक सर्व्हिस हाउस’ नावाचे एक सेवागृह सुरू झाले होते. तेथे दिवसभर कारखान्यात खपून रात्री शिकायला येणाऱ्या तरुणांना पाहून, एवढ्या कष्टाळू मुलांनी मिळेल त्या पहिल्या कामाला चिकटावे आणि ते सुटले की पुढच्या मिळेल त्या कामाला चिकटावे, यात किती मनुष्यबळ वाया जाते हे जर कोणाला मनापासून कळले असेल, तर ते याच धरसोडीच्या माणसाला.

१३ जानेवारी १९०८ रोजी त्या सेवागृहाच्या आश्रयाने पार्सन्सने ‘व्होकेशन ब्युरो’ उघडला, आणि १ मे रोजी त्याचा पहिला अहवाल सादर केला. तेवढ्या अवधीत पंधरा वर्षांच्या पोरापासून बहात्तर वर्षांच्या वृद्धापर्यंत ८० स्त्री-पुरुष त्याचा सल्ला घेऊन गेले होते. त्याची पद्धत सांगायला सोपी होती: माणसाने प्रथम स्वतःचे गुण, आवडी, मर्यादा आणि साधने यथार्थपणे ओळखावीत, दुसऱ्या बाजूस निरनिराळ्या धंद्यांच्या अटी, वेतन, संधी आणि अडचणी यांची माहिती मिळवावी, आणि मग या दोहोंचा मेळ विवेकाने घालावा. प्रत्यक्षात मात्र येणाऱ्याला शंभराहून अधिक प्रश्नांची सरबत्ती सोसावी लागे. तुम्ही काय वाचता, फावल्या वेळी काय करता, आंघोळ नियमित करता काय, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहता काय, इथपर्यंत चौकशी जाई, आणि प्रश्न विचारता विचारता पार्सन्स त्या मुलाच्या मस्तकाची ठेवणही निरखून घेई, कारण कवटीच्या आकारावरून स्वभाव कळतो हा त्या काळचा समज त्याच्याही डोक्यातून गेलेला नव्हता. या शेवटच्या गोष्टीला आज कोणीही हसेल. पण धंदा कोणता घ्यावा याचा निर्णय ब्युरो देणार नाही, तो ज्याचा त्यानेच करावयाचा, हे त्याचे तत्त्व हसण्यासारखे नव्हते. नोकरी देतो म्हणून पैसे उकळणाऱ्या दलालांच्या गावात, नोकरी न देता नुसती दृष्टी देऊ करणारे हे पहिलेच दुकान होते. पार्सन्सला त्याचा विस्तार पाहता आला नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, वयाच्या ५३ व्या वर्षी तो वारला, आणि ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे त्याचे पुस्तक १९०९ साली त्याच्या मागे छापले गेले.

मला या पद्धतीविषयी आदर आहे, तथापि तिच्या पोटात एक गृहीत आहे आणि ते पार्सन्सच्या ध्यानात पुरते आले होते असे दिसत नाही. योग्य दरवाजा ओळखून ठोठावला की तो उघडतोच, हे ते गृहीत होय. १९०७ च्या पेचप्रसंगानंतरच्या मंदीत बॉस्टनमध्येही ते पूर्ण खरे नव्हते. आणि त्याच सुमारास मुंबई-पुण्यात जे चालले होते तिकडे पाहिले, तर प्रश्नाचा रंगच पालटतो.

बॉस्टनचा आणि मराठी मुलखाचा संबंध तसा जुना. १८१३ साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी बॉस्टनच्या मंडळाने धाडलेले होते, आणि १८८७ च्या डिसेंबरात त्याच शहरात पंडिता रमाबाईंच्या नियोजित विधवागृहासाठी एक मंडळी स्थापन होऊन तिने दहा वर्षे खर्च चालविण्याचे अंगावर घेतले होते. त्या पैशातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदासदन उघडले. तेथे शिकलेल्या पहिल्या विधवांपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या, आणि कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढून तो पुढे हिंगण्याच्या माळावर नेला. १९०८ साली मुंबईत मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी, आणि १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदनाचा पाया घातला. म्हणजे बॉस्टनचा ब्युरो आणि आपली सेवासदने यांच्या जन्मात वर्ष-दीड वर्षाचेच अंतर पडते, आणि तरीही दोहोंच्या रीतीत जमीन-अस्मानाचा फरक होता.

केस काढलेल्या, बालपणीच कपाळ पांढरे झालेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला ‘तुझा कल कोणत्या धंद्याकडे आहे’ असे सेवासदनात कोणी विचारले असते, तर तो प्रश्न तिला समजलाही नसता. कल हा शब्द तिच्या आयुष्यात कोणी तिच्याविषयी उच्चारलेला नव्हता. तेव्हा संस्थाचालकांनी प्रश्न उलट बाजूने सोडवावयास घेतला. मुलीला कशाची आवड आहे हे शोधण्याआधी समाजाला कशाची नड आहे, आणि ती नड पुरुषाकडून भागणे समाजालाच रुचत नाही, असे काम कोणते हे त्यांनी पाहिले. मुलींच्या शाळेत पंतोजी नको म्हणणारे पालक होते, तेव्हा शिक्षिका हव्या होत्या. बाळंतपणात पुरुष डॉक्टराला उंबऱ्यापाशीच थांबवणारी घरे होती, तेव्हा सुइणी आणि परिचारिका हव्या होत्या. रूढीने जे दार पुरुषांना बंद केले होते तेच रूढीने टाकलेल्या बायकांना उघडता येईल, ही युक्ती ज्यांना सुचली त्यांच्या व्यवहारबुद्धीचे मला पार्सन्सच्या तिन्ही सूत्रांपेक्षा अधिक कौतुक वाटते. पुणे सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या सहकार्याने परिचारिकांचे शिक्षण सुरू केले, शिक्षिकांसाठी अध्यापनवर्ग काढले, शिवण-टिपणाचे वर्ग चालविले. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे या सर्वांच्या जोडीला वसतिगृह ठेवले.

वसतिगृहाला मी महत्त्व देतो त्याचे कारण आहे. परक्या पुरुषांच्या रुग्णशय्येजवळ रात्रपाळीला बसणाऱ्या विधवेविषयी पेठांतून काय बोलले जाईल याची कल्पना त्या काळची माणसे पाहिलेल्या कोणालाही करता येईल. कौशल्य तिला रुग्णालयात मिळाले असते. अब्रूची हमी मात्र रुग्णालय देऊ शकत नव्हते. ती हमी न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीच्या नावाने मिळे. ‘सदनातली बाई’ या दोन शब्दांत कौशल्याचा दाखला आणि चारित्र्याची जामिनकी अशी दोन्ही कामे होत, आणि या अर्थाने कचेरीतल्या मामाची जागा तेथे एका संस्थेने घेतली होती. शिफारस गेली नाही. ती ज्यांना कधी मिळाली नसती त्यांना मिळू लागली, एवढेच. एवढेच म्हणतो खरा, पण ते थोडे नव्हते. केडगावच्या मुक्तिसदनात तर पंडिता रमाबाईंनी छापखाना, विणकाम, तेलाचा घाणा, गुरांचे गोठे असा सगळा संसारच मांडला होता, आणि दुष्काळात उचलून आणलेल्या मुली खिळे जुळवायला शिकत होत्या.

आता गिरणगावाकडे वळू. येथे मला जरा रेंगाळावयाचे आहे.

१८५६ साली मुंबईत कावसजी दावरांची पहिली कापडगिरणी सुरू झाली, आणि पुढील साठ-सत्तर वर्षांत दीड लाखांच्या घरात माणसे गिरण्यांत कामाला लागली. यांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा. या माणसांना कामावर कोणी घेतले? मालकाने नव्हे, व्यवस्थापकानेही नव्हे, जॉबरने घेतले. जॉबर, ज्याला कामगार मुकादमही म्हणत, तो खात्यातील यंत्रांची देखरेख करी, मोडतोड दुरुस्त करी, आणि आपल्या हाताखालची माणसे आपणच आणी व आपणच काढी. बायकांच्या खात्यांत हीच सत्ता नायकिणीकडे असे. पहाटेच्या भोंग्याबरोबर फाटकावर बदलीवाल्यांचा घोळका जमे; आज कोण गैरहजर आहे, कोण गावी शिमग्याला अडकून पडला आहे, कोणाला ताप आहे, हे मुकादमाला तोंडपाठ असे, आणि तो बोट करी त्याला त्या दिवसाचा रोज मिळे. या बोटाला किंमत होती. तिला ‘दस्तुरी’ म्हणत. कामावर लागताना ती द्यावयाची, गावाहून परतल्यावर पुन्हा द्यावयाची, आणि रोख नसेल तर मुकादमाकडूनच व्याजाने उचलून मुकादमालाच द्यावयाची. पुष्कळदा खोलीचा मालक, किराणा देणारा वाणी आणि हा मुकादम हे एकमेकांच्या लागाबांध्यातले असत, म्हणजे कामगाराच्या पगाराचा प्रवास बहुतेक ओळखीच्याच हातांतून होई.

या मुकादमाची निंदा करणे सोपे आहे, आणि ती पुष्कळांनी केलेली आहे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात, नोकरभरतीचा अधिकार जॉबरकडून काढून स्वतंत्र कामगार-अधिकाऱ्याकडे द्यावा असे स्पष्ट सांगितले. पण निंदा करताना एक गोष्ट नजरेआड होते. बॉस्टनच्या ब्युरोला माणसाविषयी आणि धंद्याविषयी जी जी माहिती असावी असे पार्सन्सला वाटे, ती सगळी मुकादमाजवळ होती. कोणता पोरगा चपळ आहे आणि रिंगखात्यात बाबिनी बदलायला चालेल, कोणाच्या छातीला कार्डिंगमधला कापसाचा धुरळा सोसणार नाही, कोणता गडी साच्यावर बसवला तर वर्षात पक्का विणकर होईल, हे तो शंभर प्रश्न न विचारता सांगू शके. मार्गदर्शनाचे ज्ञान होते; त्याला भाव लावलेला होता, आणि जिच्यापाशी द्यायला पैसा नव्हता अशा नायकिणीच्या हाताखालच्या बाईला तो भाव कोणत्या नाण्यात मागितला जाईल याची शाश्वती नव्हती. पुढे १९३५ साली गिरणीमालक संघाने बदली-नियंत्रणाची पद्धत काढली, ठरावीक लोकांना बदलीची कार्डे दिली आणि रोज सकाळी त्यांच्यातूनच रिकाम्या जागा भराव्यात असा नियम केला. १९५० साली भरती एका मध्यवर्ती नोंदणीखाली आणण्याची योजना आली. मुकादमाचे बोट हळूहळू खाली आले. मात्र कार्ड देणाऱ्या कारकुनाला माणसाच्या छातीतला धुरळा दिसत नसे, हेही नमूद केले पाहिजे.

मुकादमापर्यंत पोचण्याआधीचे काम गावकी करी. एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष परळ-लालबागच्या एखाद्या खोलीचे भाडे वाटून घेत, पाळ्यांप्रमाणे पथाऱ्या पसरत, आणि खाणावळवालीकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. गावाहून बोटीने नवा पोरगा आला की त्याची पथारी याच खोलीत पडे. काम लागेपर्यंत भाडे मागायचे नाही, खाणावळवालीने उधारीवर वाढायचे, आणि ज्याचा मुकादमाशी घरोबा असेल त्याने पोराला पहाटे फाटकावर न्यायचे, अशी ही अलिखित घटना होती. गोव्याच्या ख्रिस्ती दर्यावर्दींनी हीच गोष्ट अधिक शिस्तीने उभी केली. धोबीतलाव-माझगावकडे त्यांच्या गावोगावच्या ‘कुडी’ होत्या, आणि त्यांतल्या कित्येक अजून आहेत: एका गावाची एक कूड, तिच्यात गावच्या संताची वेदी, भिंतीला लावून ठेवलेल्या प्रत्येकाच्या पेट्या, संध्याकाळच्या जपमाळेला हजर राहण्याचा नियम, आणि महिन्याचे भाडे अगदी नाममात्र. आगबोटीवर आचारी, बटलर, खानसामा म्हणून जाणारा गडी दोन फेऱ्यांच्या मधले महिने तेथे काढी, आणि कोणत्या कंपनीची बोट कधी सुटणार, कोणाला माणसे हवीत, कोणता दलाल लबाड आहे, याची चर्चा जपमाळ संपली की त्याच वेदीसमोर सुरू होई. सामाजिक संस्थांच्या इतिहासात कुडींना क्वचितच स्थान मिळते. माझ्या मते ते मिळायला हवे, कारण भूक, निवारा, बातमी आणि धीर या चारही गोष्टी बेकार माणसाला एकाच छपराखाली लागतात हे तेथे कोणाला शिकवावे लागले नव्हते.

नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली ती या जगाच्या ऐन मध्यावर. भारत सेवक समाजाचे हे शांत, चिकाटीचे सभासद पुढे १९२० साली देशातील पहिल्या मोठ्या कामगार महासंघाच्या स्थापनेत अग्रभागी होते. पण लीगचे काम आरंभी रात्रीच्या शाळा, फिरती वाचनालये, सहकारी पतपेढ्या असे साधे होते. अक्षर ओळखणाऱ्या कामगाराला पगारपत्रक वाचता येते आणि पतपेढीत खाते असलेल्याला दस्तुरीसाठी मुकादमाचेच कर्ज काढावे लागत नाही, इतका हा हिशेब सरळ होता. हे काम कोणत्याही कामगाराला नोकरी देणारे नव्हते, तरी ज्या नोकरीत तो होता तीत त्याची मान थोडी वर करणारे होते.

तथापि गिरणीत एक दार असे होते की जे पतपेढीने, साक्षरतेने वा दस्तुरीनेही उघडत नव्हते. विणाईचे खाते, ज्याला गिरणगावात साळखाते म्हणत, तेथे सूतकताईपेक्षा पगार चांगला मिळे, आणि तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण असे दिले जाई की धोट्यातली कांडी संपली म्हणजे नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागते, आणि एकाच धोट्याला पाळीपाळीने वेगवेगळ्यांचे ओठ लागतात. तेव्हा अस्पृश्याची उष्टी स्पृश्य विणकरांनी कशी तोंडाला लावावी? एवढ्या एका भोकातून हजारो माणसांची मिळकत अडली होती. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी ही गोष्ट चव्हाट्यावर आणली आणि संपाच्या मागण्यांत या बंदीचा निषेध घातला नाही तर आपण अस्पृश्य कामगारांना संपात न पडण्याचा सल्ला देऊ, असे कामगारपुढाऱ्यांना बजावले. पुढाऱ्यांनी ती मागणी घातली. ती किती अनिच्छेने घातली गेली हेही आंबेडकरांनी सांगून ठेवले आहे.

पार्सन्सच्या सूत्रांना येथे काय अर्थ उरतो, हे वाचकांनी पाहावे. महार तरुणाला आपले गुण ठाऊक होते. साळखात्यातील वेतन, अटी आणि संधी ठाऊक होत्या. आणि दोहोंचा मेळ किती छान बसतो हेही ठाऊक होते. अशा ठिकाणी सल्लागाराचे काम सल्ला देणे हे नसून अर्ज लिहिणे हे असते. अर्जाची ही परंपरा आंबेडकरांच्या आधीची आहे. १८९० नंतरच्या काही वर्षांत सैन्यात महारांची भरती बंद झाली, तेव्हा निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली मुंबई इलाख्याच्या सरसेनापतीकडे विनंतिअर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी लष्कर आणि पोलीस यांत जागा मिळाव्यात म्हणून विलायतेच्या भारतमंत्र्यापर्यंत अर्ज पाठविला. विठ्ठल रामजी शिंद्यांच्या मंडळीने १९०६ पासून शाळांबरोबर हातकामाचे वर्ग चालविले. आणि २० जुलै १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमधून बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम सुरू झाले, तेव्हा वसतिगृहे, वाचनालये आणि सरकारी नोकऱ्यांसाठीचे अर्ज ही तिन्ही कामे एकाच कार्यालयात आली. अर्जदाराच्या गुणांची परीक्षा करण्यापूर्वी दरवाजाची परीक्षा करावी लागते, हे या माणसांनी कोणत्याही ग्रंथावाचून जाणले होते.

बॉस्टनची सेवागृहाची कल्पना मुंबईत आली ती अमेरिकन मराठी मिशनच्याच हाताने. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे गृहस्थ १९२५ साली मुंबईत आले, आणि त्यांच्या खटपटीने नागपाड्यात, कामाठीपुऱ्याच्या शेजारी, अठरापगड जातिधर्मांच्या गर्दीत ‘नेबरहुड हाउस’ उभे राहिले. वस्तीत राहून वस्तीचे काम करायचे तर त्यासाठी शिकलेली माणसे हवीत, हे तेथे दहा वर्षांत त्यांच्या ध्यानात आले, आणि १९३६ साली त्याच इमारतीत दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. आज ते टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने प्रसिद्ध आहे. १९५४ साली ही संस्था देवनारच्या प्रशस्त जागेत गेली. बॉस्टनचा व्होकेशन ब्युरोही नॉर्थ एंडच्या गल्ल्या सोडून १९१७ साली हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाला होता. दोन्ही स्थलांतरांना सबळ कारणे होती, आणि विद्येला जागा लागते हे मलाही मान्य आहे; तरी गल्लीतला बेकार पोरगा विद्यापीठाची पायरी चढून सल्ला मागायला जात नाही, ही त्या कारणांबाहेरची गोष्ट शिल्लक राहतेच.

दरम्यान सरकार जागे झाले होते. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना कामे लावण्यासाठी १९४५ साली देशात नोकरी-विनिमय कार्यालये निघाली; फाळणीनंतर ती निर्वासितांना आणि १९४८ पासून सर्वांनाच खुली झाली. मुंबईत पारशी पंचायतीने १९४७ साली आपल्या समाजासाठी मार्गदर्शन-कार्यालय काढले होते, आणि १९५० साली मुंबई सरकारनेही तसे कार्यालय उघडून १९५७ साली त्याला संस्थेचा दर्जा दिला. बुद्धिमापन, अभिक्षमता, अभिरुची अशा कसोट्या आल्या, आणि त्या मराठीत उतरविण्याचे कष्टाचे काम काही निष्ठावंत माणसांनी केले. पण ही कार्यालये प्रामुख्याने शाळांतील मुलांकडे पाहत होती. गिरणीच्या फाटकावरचा माणूस मात्र ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’च्या रांगेत उभा होता. तेथे दस्तुरी लागत नव्हती, मामा लागत नव्हता, जात विचारली जात असे ती वगळण्यासाठी नव्हे. या तिन्ही गोष्टींसाठी आधीच्या शंभर वर्षांतली माणसे किती झिजली होती हे आठवले, तर त्या रांगेचेही मोल कळते. नावाची नोंद होई, कार्ड मिळे, मुदत संपली की ते पुन्हा शिक्का मारून घ्यावे लागे, आणि बोलावणे आले तर येई.

१९५८ साली सरकारने देशातील यच्चयावत धंद्यांचे वर्गीकरण करून ते ग्रंथरूपाने छापले, आणि प्रत्येक धंद्याला एकेक क्रमांक दिला. खिडकीमागच्या कारकुनाने उमेदवाराला कोणते काम हवे ते विचारावे आणि त्याचा क्रमांक कार्डावर लिहावा, असा रिवाज पडला. रांगेतल्या माणसाचे उत्तर पुष्कळदा ‘कोणतेही’ असे येई. त्या जाड ग्रंथात या कामाला क्रमांक नव्हता. तेव्हा कारकून त्याच्या दाखल्याकडे एकवार पाही, आपल्या मनानेच एखादा क्रमांक मांडी, आणि मागच्याला पुढे बोलावी.